सेरामची सवत

माझ्या घरात माझ्याआधी माप ओलांडलं ते एका काकाकुव्यानं. थट्टा नाही करत. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर मी नवी नवरी म्हणून दारात उभी होते. अंगावर शालू, अंगात विमानाचा शीण. यांच्या मित्राच्या बायकोनं हौसेनं उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. माप म्हणजे केक करायचा प्लास्टिकचा मेझरिंग कप, आणि उंबरा म्हणजे कार्पेट संपतं तिथली पितळी पट्टी. मी पदर सावरला, उजवा पाय उचलला, तेवढ्यात आतून फेंगडं फेंगडं चालत एक पांढरं धूड आलं. त्यानं कप चोचीनं पालथा केला, तांदूळ चिवडले आणि माझ्याकडे बघून डोक्यावरचा तुरा उभा केला. सगळे हसले. हे तर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि त्याला म्हणाले, “अरे बेटा, आई आलीय तुझी!”

मी चोवीस वर्षांची. लग्नाला पुरते तीन आठवडे झाले नव्हते. आई म्हणे! मी सांडलेल्या तांदळावरून तशीच आत आले.

हे इंजिनियर. मला स्थळ सांगून आलं तेव्हा पत्रिका आली, फोटो आला, पगार कळला, यांना लसूण चालतो हेही कळलं. पक्ष्याबद्दल चकार शब्द नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाले, “त्यात काय सांगायचं?” एकटे राहत असताना यांच्या ऑफिसातला एक गोरा सहकारी टेक्ससला निघाला, त्याला पिंजरा न्यायचा नव्हता, यांनी घेतला. संध्याकाळी घरी आल्यावर कुणीतरी बोलायला असावं म्हणून. म्हणजे ज्या जागेसाठी मला नागपूरहून आणलं, ती जागा चार वर्षं आधीच भरलेली होती.

सगळे त्याला ‘तो’ म्हणत. हे ‘बेटा’ म्हणत. मी मात्र पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात ‘ती’ म्हणायचे. सवत कधी पुरुष असते का?

दिसायला देखणी होती, हे कबूल करायला हवं. कोंबडीपेक्षा मोठी, पांढरी, पण नुसती पांढरी नाही. दुधात गुलकंद पडावा तशी आतून गुलाबी झाक. तुरा मिटलेला असला की साधीसुधी दिसायची. उघडला की आतली पिसं शेंदरी-गुलाबी, आणि ती उघडायची ते फक्त दोन वेळा. हे घरात आले की प्रेमानं, आणि मी यांच्याजवळ बसले की रागानं. सोफ्यावर माझ्या आणि यांच्यामध्ये तिची जागा. मी जरा सरकले की फुस्स! सापासारखी. गाडीत ही पुढच्या सीटच्या पाठीवर, यांच्या कानाशी. मी मागे, भाजीच्या पिशव्यांबरोबर.

आणि सकाळचे पोहे! मी निगुतीनं पोहे करायचे, वर खोबरं, कोथिंबीर. ही यांच्या खांद्यावर बसून ताटलीतले शेंगदाणे वेचून खायची. एखादा दाणा हे स्वतःच्या ओठांत धरायचे आणि ही मान वाकडी करून अल्लाद काढून घ्यायची. मला यांनी घास भरवला होता तो एकदाच, लग्नात, फोटोग्राफर ओरडला म्हणून. एवढी जळायचे मी, एवढी जळायचे की फोडणीची मोहरीही माझ्यापुढे थंड वाटली असती. बोलून दाखवलं की हे म्हणायचे, “यार, मुक्या जनावराशी काय स्पर्धा करतेस?”

मुकं! बाप्पा! पहाटे आणि दिवेलागणीला ती जी किंचाळायची, ते ऐकून खालचे लोक झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे. आमच्या ओळखीतल्या लोकांनी चांगली शाळा बघून घरं घेतली. आम्ही वर्षाच्या आत टाउनहाऊस घेतलं ते हिच्या गळ्यासाठी. कडेचं युनिट, एकच भिंत सामायिक, आणि पलीकडच्या आजीबाई कानानं अधू. ते कळल्यावर यांनी त्याच दिवशी ऑफर दिली.

शत्रूचा अभ्यास करावा म्हणून मी टाउनशिपच्या लायब्ररीत जाऊ लागले. नोकरी करायला माझ्या व्हिसावर परवानगी नव्हती, ड्रायव्हिंग येत नव्हतं, लायब्ररी मात्र चालत जायच्या अंतरावर. शेजारी डिक्शनरी ठेवून मी तिच्या जातीबद्दल वाचलं. इंडोनेशियात सेराम नावाचं एक बेट आहे, गर्द डोंगराळ जंगलाचं. ते आणि त्याच्या कुशीतली दोन-तीन छोटी बेटं, बस. अख्ख्या पृथ्वीवर ही जात दुसरीकडे कुठेच राहत नाही. झाडावरचा कोवळा नारळ ती चोचीनं भोक पाडून फोडते आणि आतलं पाणी पिते. नारळ! सोलायला आपल्याला कोयता लागतो. उंच जुन्या झाडाच्या ढोलीत घर करते, लाकूड कुरतडून तळाशी भुसा अंथरते. जोडीदार एकदा धरला की धरला. अंडी घातली की नर-मादी आळीपाळीनं उबवतात. एक बसतं, दुसरं चरून येतं, मग पहिलं उठतं.

आणि तिकडचे लोक त्यांना फासे लावून पकडतात, हेही वाचलं. त्या दिवसांत अमेरिकेत हे पक्षी ढिगानं यायचे. पेट शॉपमध्ये कुत्र्यांच्या पिल्लांशेजारी पिंजरे असायचे. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो व्यापार बंद झाला. आमचीही कधीतरी कुठल्यातरी झाडावरून उतरवलेली. वाचून मला क्षणभर कसंतरी झालं. मग घरी आले तर तिनं माझ्या एकुलत्या एक लाकडी पोळपाटाच्या कडा कुरतडून ठेवलेल्या. कसंतरी होणं तिथल्या तिथे संपलं.

ही जात बोलण्यात यथातथाच, असंही पुस्तकात होतं. खरंच होतं ते. यांनी वर्षानुवर्षं तिला ‘गुड मॉर्निंग’ शिकवलं होतं, तिनं ढिम्म दाद दिली नाही. आता मी काही यांना नावानं हाक मारत नसे. तेव्हा आमच्यात तशी पद्धतच नव्हती. दिवसभर आपलं, अहो चहा, अहो फोन, अहो ऐकलं का. सहा महिन्यांत तिनं आयुष्यातला पहिला शब्द उचलला. “अहो!” माझ्या आवाजात, माझ्या हेलासकट, शेवटचा ‘हो’ जरासा लांबवून. आणि हे धावत जायचे! “ओ, आलो आलो!” मी स्वयंपाकघरातून घसा फोडून हाक मारली की मात्र वर्तमानपत्रामागून आवाज यायचा, “थांब रे बेटा, जरा वाचू दे.” सांगा आता. माझी हाकसुद्धा तिनं पळवली.

लग्नाला तीन वर्षं झाली, चार झाली. घरात पाळणा हलेना. शनिवारी कुणाकडे तरी पॉटलक असायचं, प्रत्येकीनं आपापला पदार्थ करून न्यायचा. पुरुष वर बसून इमिग्रेशनवर बोलायचे, बायका बेसमेंटमध्ये. तिथे एक डॉक्टरकाकू होत्या, आमच्यात सगळ्यांत आधी आलेल्या, म्हणून सगळ्यांच्या सासूबाई. दर वेळी माझ्या पोटाकडे बघून विचारायच्या, “काय गं, काही विशेष?” मी म्हणायचे, “विशेष काही नाही, बटाटेवडे आणलेत.” बायका हसायच्या. मीही हसायचे. घरी येताना गाडीत मागच्या सीटवर रिकामा डबा मांडीवर धरून बसायचे.

तपासण्या झाल्या, दोघांच्याही. सगळं नॉर्मल. नॉर्मल आहे तर होत का नाही, असं विचारलं की तपासणारे डॉक्टर पुढच्या महिन्याची तारीख द्यायचे. यांनी त्यावर बोलायचंच सोडून दिलं. ऑफिसातून आले की पिंजऱ्याचं दार उघडायचे, तिला छातीशी घ्यायचे, तिच्या मानेच्या पिसांत बोटं घालून खाजवत बसायचे. तिच्या पिसांतून पिठासारखी पांढरी भुकटी झडते. यांचा शर्ट पांढरा व्हायचा. मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून ते बघायचे. मला म्हणायचं असायचं, अहो, दुःख दोघांचं आहे ना, मग मला का नाही जवळ घेत? पण तोंडातून निघायचं, “शर्ट बदला, उद्या धुवायला मीच आहे.”

माझ्या आईनं नागपूरहून कुणाबरोबर तरी एक दुपटं पाठवलं होतं. तिच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं, बारीक टाक्यांचं. असं आधी काही करून ठेवू नये म्हणतात. पण आईला दम निघाला नसणार. मी ते हॉलमधल्या क्लोजेटमध्ये, म्हणजे भिंतीतल्या उभ्या कपाटात, तळाच्या खोक्यात, कोट आणि छत्र्यांच्या मागे ठेवलं. दिसू नये म्हणून.

मग ती कानाची गोष्ट झाली. यांचा वाढदिवस होता. मी यांच्यासमोर पुरणपोळी ठेवली आणि, नवऱ्याचीच बायको मी, लाडानं खांद्यावर हात ठेवला. ती पडद्याच्या दांडीवरून झेपावली ती थेट माझ्या कानावर. मोत्याची कुडी उपसून काढली, कानाची पाळी फाडली. नारळ फोडणारी चोच ती. इमर्जन्सीत टाके घातले. परत येताना मी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले, कानाला पट्टी धरून, आणि सांगितलं, “आता एक तर ती राहील, नाही तर मी. आजच्या आज ठरवा.”

मला वाटलं, हे टाळाटाळ करतील. नाही केली. दुसऱ्या दिवशी फोन करून यांनी पेनसिल्व्हेनियातला एक माणूस शोधला. त्याचं फार्म होतं, आणि जुन्या धान्याच्या कोठारात तो याच जातीचे पक्षी जोड्यांनी ठेवायचा. शनिवारी ट्रक घेऊन येतो म्हणाला. फोन ठेवून हे तिच्यासाठी शेंगदाणे सोलायला बसले. मी त्या दिवशी शिरा केला. चांगला बदाम घालून. लढाई जिंकल्यावर माणूस काय करतो?

शुक्रवारी ती सापडेना. पिंजऱ्यात नाही, पडद्यावर नाही. हे सगळीकडे “बेटा, बेटा” करत हिंडले. शेवटी हॉलच्या क्लोजेटमधून फुस्स ऐकू आलं. दार अर्धवट उघडं होतं, आत काळोख. खोक्याच्या चिंध्या, दाराच्या कडेचा भुसा, आणि त्यावर ती बसलेली, पंख जरा पसरून. हे टॉर्च घेऊन वाकले. ती क्षणभर कलली तेव्हा खाली दिसलं. एक पांढरं अंडं. आणि अंड्याखाली आईचं दुपटं.

“अगं,” हे म्हणाले, “हा मुलगी आहे.”

मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. दुसरं काय करणार? दुपटं माझं, नवरा माझा, क्लोजेट माझं, आणि कूस उजवली कुणाची? पाखराची! आम्हाला पुढेही मूल झालं नाही, हे आताच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघत बसायला नको. पण तेव्हा मी दर महिन्याला वाट बघत होते, आणि तिनं काही न करता, कुणी ‘विशेष’ न विचारता, एक अंडं घालून ठेवलं.

पक्ष्यांचा डॉक्टर फोनवर म्हणाला, अंडं पोकळ असणार, नर नव्हताच ना. पण काढून घेऊ नका, काढलंत तर ती दुसरं घालेल, तिसरं घालेल, अंगातलं कॅल्शियम संपून मरेल. आणि हलवूही नका. साधारण महिनाभर बसेल, मग आपणहून उठेल. पेनसिल्व्हेनियाचा माणूसही म्हणाला, काही घाई नाही, ती उठली की मला फोन करा, मी येऊन घेऊन जातो. म्हणजे जोवर अंडं, तोवर सवत. मी कॅलेंडरकडे बघत बसले.

बातमी बेसमेंटपर्यंत गेलीच. डॉक्टरकाकू शनिवारी म्हणाल्या, “काय बाई, तुमच्याकडे पाखरानं नंबर लावला, तुझा कधी?” मी म्हटलं, “काकू, तुम्हीच येऊन बसा माझ्यासाठी, तुम्हाला अनुभव आहे.” कुणी हसलं नाही. त्यानंतर मी काही महिने पॉटलकला गेले नाही.

हे सकाळी आठला टाय लावून निघायचे. निघताना क्लोजेटपाशी वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. मग दिवसभर घरात आम्ही दोघीच. मी दुरून वाटी सरकवायचे. ती फुसफुसायची आणि वाटीला तोंड लावायची नाही. अंड्यावरून हलायचीच नाही. तिच्या छातीचं हाड हळूहळू वर आलेलं दिसायला लागलं.

एक दिवस मी पोळ्या लाटत होते. क्लोजेटमधून आवाज आला, “अहो!” मी दुर्लक्ष केलं. ती हाक काही माझी नव्हती. परत, “अहो!” परत. मी लाटणं आपटलं आणि तिथूनच ओरडले, “ते नाहीयेत घरी! ऑफिसला गेलेत! कितीही बोंबल!” मग पुन्हा, अगदी हळू, “अहो...”

आता मी पुस्तक वाचलेलं होतं ना. एक बसतं, दुसरं येतं, पहिलं उठतं. ती त्या दुसऱ्याला बोलावत होती. आणि तो दुसरा रूट वन हायवेवरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होता. मी पिठाचे हात पुसत गेले, दार उघडलं आणि खाली बसले. म्हटलं, “काय गं? काय पाहिजे तुला?”

ती उठली. चोच उघडली नाही, तुरा उभारला नाही. बाजूला झाली, अंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या मांडीला घासून बाहेर गेली. पाण्याच्या भांड्यापाशी पोचल्यावर वळून बघितलं. अंडं दुपट्यावर उघडं पडलेलं.

“अगं, पण मी काय करू?” मी म्हटलं. “मी बसू?”

ती बघतच राहिली. पाणी पिईना. म्हणून मी अंड्यावर तळवा ठेवला. तेव्हा कुठे तिनं मान खाली घातली आणि प्यायला लागली. घटाघटा प्यायली. मग दाणे खाल्ले, सफरचंद खाल्लं, पंख ताणले, एक चक्कर मारली. माझ्या हाताखाली ते अंडं कोमट होतं, तव्यावरून काढून ठेवलेल्या भाकरीसारखं. परत येऊन तिनं माझी बोटं चोचीनं बाजूला केली. चावली नाही. तीच चोच, माझा कान फाडणारी. ती बसली, अंगाखाली अंडं सारून घेतलं, डोळे मिटले. ओट्यावरची पोळी वाळून कडक झाली होती.

त्यानंतर रोज. अकराच्या सुमाराला हाक, दुपारी पुन्हा हाक. आयुष्यात मला कुणी ‘अहो’ म्हणून बोलावलं असेल तर ते त्या सवतीनं. मी आपली कामं टाकून जायचे. तळवा ठेवून तिथे कोटांखाली बसले की तिला बोलायचे. “माझ्या दुपट्यावर बसलीयस, लाज वाटते का? नवरा घेतलास, हाक घेतलीस, आता हेही घे.” ती सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकायची. माझा मत्सर काही गेला नव्हता. उलट वाढला होता. पोकळ का होईना, तिच्या पोटानं काहीतरी दिलं तरी होतं. हातात धरता येईल असं. माझ्याकडे धरायला काय होतं? आणि तरी हाक यायला उशीर झाला की मी घड्याळ बघायचे.

यांना मी हे सांगितलं नाही. का सांगू? मग एका रविवारी हे घरात असताना हाक आली, “अहो!” हे पेपर टाकून धावले. “ओ, आलो बेटा!” आत हात घालतात तो, फुस्स! जोरात. हे मागे सरकले. ती मान लांब करून यांच्या खांद्यावरून बघत होती, माझ्याकडे. मी गेले. ती उठली, मला घासून बाहेर आली. मी तळवा ठेवला.

हे तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. “हे कधीपासून?” म्हणाले.

“तुम्ही ऑफिसात असता तेव्हापासून.”

“माझ्याकडे का नाही उठली?”

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की गालातलं हसू लपवता येईना. यांचा चेहरा अगदी तसा झाला होता, जसा माझा पाच वर्षं सोफ्याच्या टोकाला होत असे. “इतकी वर्षं मी तिला सांभाळलं,” हे म्हणाले. मी म्हटलं, “बसा आता तिकडच्या टोकाला.” हे हसले नाहीत. हात पुढे करून माझ्या तळव्यावर तळवा ठेवला. अंड्यावर माझा, माझ्यावर यांचा. माझ्या बोटांवर एक थेंब पडला, तो मी तसाच राहू दिला. ती परत आली आणि दोघांचेही हात चोचीनं हाकलले.

पेनसिल्व्हेनियाचा माणूस अधूनमधून फोन करायचा. त्याच्याकडे एक नर होता, जोडीदारीण मेलेली. ही तिथे गेली की जोडी जमेल, खरीखुरी अंडी होतील, असं त्याचं म्हणणं. चांगला माणूस होता. ठरलेलंही होतं. हे म्हणाले, “तू म्हणशील तसं. तुझ्या कानाचा प्रश्न आहे.” मी म्हटलं, “ठरलंय ते ठरलंय.” कानाचे टाके कधीच निघाले होते.

एका सकाळी अकरा वाजून गेले तरी हाक आली नाही. मी कपड्यांच्या घड्या करत होते. कान तिकडेच. मग स्वयंपाकघरातून कडकड आवाज आला. जाऊन बघते तर बाईसाहेब ओट्यावर, पंज्यात अक्रोड धरून फोडतायत. मी क्लोजेटकडे पळाले. अंडं उघडं. तळवा ठेवला तर गार, फरशीसारखं.

“अगं, ये ना,” मी तिथून ओरडले. “गार पडलंय!” तिनं दुसरा अक्रोड घेतला. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिला तिच्याच हाकेनं बोलावलं. “अहो! अहो, ऐकलं का!” तिनं तुरा उभारला, माझ्याकडे बघितलं, क्लोजेटकडे बघितलं आणि पुन्हा अक्रोडात डोकं घातलं. झालं. तिचं झालं होतं. महिनाभर जीव लावला, काही निघत नाही हे कळलं, उठली, भूक लागली, खायला लागली. रडणं नाही, भेकणं नाही. तिची चोच, तिचा तुरा, माझा नवरा, या सगळ्यांचा मी इतकी वर्षं हेवा केला. पण त्या सकाळच्या हेव्यापुढे तो काहीच नव्हता. तिला उठता आलं होतं. मला कितव्या महिन्यात येणार होतं ते?

मी कोटांखाली बसले आणि दोन्ही तळव्यांत अंडं धरलं. हळूहळू ते माझ्याच उबेनं कोमट झालं.

फोन वाजला. आमच्या स्वयंपाकघरातल्या फोनची वायर लांब होती, मी स्वयंपाक करता करता घरभर हिंडायचे. एका हातात अंडं घेऊन उठले, फोन घेतला, वायर ताणत परत क्लोजेटपाशी येऊन बसले आणि अंडं दुपट्यावर ठेवून त्यावर तळवा ठेवला. पेनसिल्व्हेनियाचा माणूस होता. ट्रक या बाजूला आणणार होता, म्हणाला. मग विचारलं, उठली का ती?

ओट्यावर अक्रोड फुटला. टरफल फरशीवर पडलं.

“नाही हो,” मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. “बसलीय अजून.”

“अजून? एव्हाना उठायला हवी होती.”

“हो,” मी म्हटलं. “पण तिला उठवत नाहीये.”